पिवळ्या जर्सीवरचे अकरा

चार दिवस झाले, धुकं उठायचं नाव घेत नव्हतं. मास्तरांनी शटर अर्धं वर ढकललं, दिवा लावला, शिलाई मशीनच्या पोटात तेलाचे दोन-चार थेंब सोडले आणि स्टुलावर बसून दिवसाची पहिली जर्सी मांडीवर ओढली. जर्सी निळी. पाठीवर अकरा नंबर, वर कमानीत नाव. नाव उसवायचं होतं. अशा एकेचाळीस जर्स्या दुकानात येऊन पडल्या होत्या आणि रविवारला तीन दिवस उरले होते.

स्टेडियमच्या मागच्या गल्लीतलं हे दुकान पहिल्यापासून निळ्यांचं, म्हणजे इथल्या फुटबॉल क्लबच्या बाजूचं. क्लबच्या दुकानात नाव नुसतं चिकटवून देत, दोन धुण्यांत ते सोलून यायचं. मास्तर कापडाची अक्षरं कापून शिवायचे. आधी बारीक सरळ टाका, मग काठावरून दाट झिगझॅग आणि प्रत्येक टोकाला मशीन तीनदा मागेपुढे. "कापड विरेल, नाव निघायचं नाही," असं गिऱ्हाइकाला छातीठोक सांगायचे. सतरा वर्षं सांगितलं. आता तीच गिऱ्हाइकं दारात उभी राहून म्हणत होती, काढा.

एकेका जर्सीला पाऊण तास लागत होता. अंगठा सुजून टम्म झालेला. "कुठल्या गाढवानं एवढं घट्ट शिवलंय!" मास्तर पुटपुटायचे, मग तोंड कडू करून पुढचा टाका उसवायचे. गाढव कोण ते ठाऊक होतं.

हे सगळं डावऱ्यामुळं. डाव्या पायानं खेळायचा म्हणून गल्लीनं त्याला ठेवलेलं हे नाव. वयाच्या विसाव्या वर्षी निळ्यांत आला, सदतिसाव्या वर्षी क्लबनं त्याला हार घालून निरोप दिला. त्या दिवशी अख्खं स्टेडियम रडलं, मास्तर तर रुमाल पिळून परत रडले. आणि दोनच महिन्यांत पेपरात फोटो आला. डावऱ्या हसतोय, अंगात पिवळी जर्सी. पिवळे म्हणजे नदीपलीकडचे. त्यांच्याशी सोयरीक करायची तरी इथले लोक आधी रंग विचारायचे. आणि रविवारी पिवळे इथेच खेळायला येणार होते.

म्हणून निळ्यांच्या स्टँडात ठरलं, तो मैदानात उतरला की सगळ्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवायची. जोरात टाळ्या पडल्या. दोन दिवसांनी कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला, की अर्ध्या स्टँडच्या पाठीवर डावऱ्याचंच नाव आहे! पाठ फिरवली तर गड्याला वाटेल स्वागतच चाललंय. मग धावपळ झाली आणि सगळी मास्तरांच्या दारात.

ठराव मांडणारा होता निवृत्त बस ड्रायव्हर. तोच आता काल उसवून नेलेली जर्सी घेऊन आला आणि काउंटरवर आपटली.

"मास्तर, हे काय केलंत?"

"काय केलं? काढलं नाव."

"काढलं? वाचा की!"

मास्तरांनी जर्सी दिव्याखाली धरली. धुऊन धुऊन, उन्हात वाळून कापड विटलेलं, पण अक्षरांच्या खाली निळा रंग होता तसाच राहिला होता. नाव गडद, ठळक, लांबून दिसेल असं.

"आधी चष्मा लावून वाचावं लागायचं," ड्रायव्हर म्हणाला, "आता डोळे मिटले तरी दिसतंय."

"मग उन्हाला जाऊन जाब विचार. मी काय करू?"

"ठिगळ मारा वरून."

"एवढं ठिगळ? पाठ आहे का पडदा?"

"मग काय उघड्या अंगानं बसायचं, या थंडीत?"

"बस! नाहीतरी अकला उघड्या पडल्यात सगळ्यांच्या!"

ड्रायव्हर जर्सी तिथेच टाकून तणतणत गेला. मास्तरांनी कपाळावर हात मारला. म्हणजे एकेचाळीसच्या एकेचाळीस वाया. चार दिवस, अंगठा, सगळं.

दुपारी बायको डबा घेऊन आली. ती पोस्टात पत्रांची वर्गवारी करायची, जेवणाच्या सुट्टीत नेहमी यायची. आज डब्याबरोबर तिनं पिशवीतून एक घडी काढली. पिवळी.

"अहो, यावर अकरा शिवून द्या."

मास्तरांनी हातातला घास खाली ठेवला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"तिकीटही काढलंय. पलीकडच्या स्टँडचं."

सतरा वर्षं दोघं शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसत आली होती.

"मास्तरची बायको पिवळ्यांत! लोक काय म्हणतील?"

"लोकांचं राहू द्या. माझं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा अकरा आठवडे हॉस्पिटलात व्यायामाला जात होते. तिथेच डावऱ्या दुखावलेला गुडघा घेऊन यायचा. पाय उचलताना रडायचा हो! म्हणायचा, वहिनी, तुम्ही दहा करा, मग मी दहा करतो. तुमच्या क्लबातून कोण फिरकलं होतं तिकडं?"

"आपल्या क्लबातून."

"तुमच्या. त्यांनीच नको म्हटलं ना त्याला?"

"मग घरी बसायचं! पुतळा उभारला असता आम्ही."

"पाय चालतायत त्याचे, पुतळा कशाला?"

"ते पाय आमचे होते!"

"पाय तुमचे, आणि गुडघा तेवढा त्याचा?"

मास्तरांचा आवाज चढला. "मी शिवणार नाही. मेलो तरी नाही."

"नका शिवू." ती कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर जाऊन बसली. पांढऱ्या कापडाचे आकडे तिनं आधीच कापून आणले होते. कट-कट-कट मशीन सुरू झालं. मास्तर पाठ करून जेवत राहिले. पण कान कुठं पाठ करतायत? टाका उडत होता. दोऱ्याचा ताण ढिला होता. शेवटी त्यांनी मान वळवलीच. एक आकडा मानेला चिकटलेला, दुसरा घसरून पाठीच्या मध्यावर.

"अगं, काय हे! दारू प्यायलेत का आकडे?"

"मला येतं तसं करतेय."

"हे घालून बसणार तू? आणि ते पलीकडचे विचारतील, कुणी शिवलं?"

"सांगेन, नवऱ्यानं दिलं नाही शिवून."

मास्तरांनी जर्सी हिसकावली. दोन्ही आकडे उसवले, खडूनं मध्य काढला आणि शिवायला बसले. पिवळं कापड हाताला लागलं तसं अंगावर काटा आला, तरी टाका वाकडा गेला नाही. पुरा वेळ तोंड चालूच होतं. डावऱ्याला, क्लबाला, ड्रायव्हरला, धुक्याला, सगळ्यांना शिव्या.

बायकोनं जर्सी दिव्यासमोर धरून पाहिली. "छान झालं."

"मग आता बसशील ना माझ्या शेजारी? घाल हवं तर तीच. वरून कोट घाल."

"कोट घालून झाकायला कशाला शिवून घेतली मी?"

"म्हणजे मी एकटा बसू?"

"तुम्ही या की तिकडे."

"मी? तिकडे?"

"मग राहू द्या. रविवारी घरून निघू बरोबरच. गेटापर्यंत." तिनं जर्सीची घडी केली, डबा आवरला आणि पोस्टाच्या रस्त्याला लागली.

मास्तर तिच्या पाठीकडे बघत राहिले. ओरडावंसं वाटत होतं, पण कुणावर ते कळेना. तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. समोरच्या बँकेचा शिपाई पाच वाजता पँट न्यायला येणार होता, दोन इंच उंची कमी करायची होती. त्यांनी टेप गळ्यात टाकला, पँट उलटी करून टेबलावर पसरली आणि खडूनं रेघ मारली.