आर्डिथ घर मागे घेते

टेक्ससच्या दक्षिण टोकाला आम्ही हिवाळा काढतो, तिथे ऑरिन आणि आर्डिथ टोलेफ्सन आमचे शेजारी. आमच्यासारखंच त्यांचंही घर चाकांवरचं. थंडी ओसरली की ते पिकअपला जोडायचं आणि नॉर्थ डकोटाला ओढत न्यायचं. जोडणं, ओढणं, मागे घेणं, सगळं ऑरिनकडे. आर्डिथ शेजारी बसून विणायची.

त्या हिवाळ्यात ऑरिनची नजर गेली. आधी एक डोळा, नाताळाच्या सुमाराला दुसराही. मुलाचा फोन आला. "आई, ट्रेलर विकून टाक. मी येतो, विमानाने घेऊन जातो तुम्हाला."

"नको रे बाबा. घर मी आणते," आर्डिथ म्हणाली. फोन ठेवून माझ्याकडे वळली. "बोलून तर बसले. आता कसं करायचं गं?"

आमच्या पार्कात, म्हणजे अशा चाकांवरच्या घरांच्या वसाहतीत, गवत कापायला चेला बरेरा यायची. पूर्वी तिने मोठे ट्रक चालवले होते. आम्ही तिला विचारलं.

"शिकवीन की," चेला म्हणाली. "पण साहेबांनी खुर्चीत गप्प बसायचं."

"मला कुठे काय दिसतंय," ऑरिन म्हणाला.

"न दिसणारेच जास्त सूचना करतात."

ऑरिन हसला. नजर गेल्यापासून पहिल्यांदाच.

पिकअपच्या हौद्यात एक जाड पोलादी थाळी असते, तिलाच इथे पाचवं चाक म्हणतात. ट्रेलरच्या नाकाखालचा खुंटा तिच्या जबड्यात बसवायचा. जबडा मिटला की नाही ते डोळ्यांनी बघायचं, मग ट्रेलरचा ब्रेक लावून गाडी हळूच पुढे ओढून बघायची. त्यानंतरच ट्रेलर ज्यांवर टेकलेला असतो ते पुढचे पाय उचलायचे.

एका सकाळी आर्डिथने ओढून न बघताच पाय उचलले. गाडी हलली, खुंटा निसटला आणि ट्रेलरचं नाक हौद्याच्या कडांवर आदळलं. पत्रा दबला. ती स्टिअरिंगवर डोकं टेकून रडू लागली. चेलाने ट्रेलरचे पाय पुन्हा टेकवले, नाक वर उचलून घेतलं. मग ऑरिन माझा हात धरून गाडीपाशी आला आणि दबलेल्या कडेवरून बोटं फिरवत राहिला.

"बरं झालं," तो म्हणाला. "गाडी घेतल्यापासून या कडेला जपत होतो. आता ती काळजी मिटली."

"बाई, डोळे पुसा," चेला म्हणाली, "आणि परत जोडा."

मागे घेणं सगळ्यात अवघड. चेलाने तिला हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायला लावला. घराचं बूड ज्या बाजूला न्यायचं, हात त्या बाजूला सरकवायचा. "घाई नको. शंका आली की उतरायचं, मागे जाऊन बघायचं. त्यात लाज कसली?" आर्डिथ उतरायची, बघायची, पुन्हा चढायची. पार्कातले म्हातारे खुर्च्या मांडून बघत बसायचे.

एप्रिलमध्ये ते निघाले. मी आणि माझा नवरा आमचं घर ओढत त्यांच्या मागोमाग. नेब्रास्कात मुक्कामाला आमचं घर लागल्यावर एकच जागा उरली होती, दोन झाडांच्या मधली. वाराही सुटलेला. चार-पाच पुरुष धावत आले, प्रत्येकाचे हातवारे वेगळे. आर्डिथने काच खाली केली.

"तुमचे उपकार आहेत. पण जरा बाजूला बसता का? मला आरसा दिसत नाहीये."

ती दोनदा उतरली, मागे जाऊन बघून आली. एकदा गाडी पार रस्त्यापर्यंत पुढे घेतली. मग घर दोन झाडांमध्ये अलगद जाऊन बसलं. ऑरिन सगळा वेळ शेजारच्या सीटवर गप्प होता. इंजिन बंद झाल्यावर त्याने विचारलं, "बसलं?"

"बसलं."

जेवताना ऑरिन प्रार्थना करतो ती एरवी दोन वाक्यांची. त्या दिवशी त्याने देवाचे आभार मानताना चेलाचं नाव घेतलं, आमचं घेतलं, वाऱ्याचंसुद्धा घेतलं. मग म्हणाला, "आणि आर्डिथसाठी..." आर्डिथने त्याचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने त्याच्या ताटात बटाटे वाढले.

पुढच्या हिवाळ्यात मीही आर्डिथकडून शिकले. माझा नवरा अजून धडधाकट आहे. तरी अर्धा रस्ता आता मी चालवते, आणि त्याला शेजारी झोप छान लागते.