माळ्याची किल्ली

ती घटना मला आजही लख्ख आठवते, कारण तिची सुरुवात माझ्याच चुकीनं झाली.

निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. खडकवासल्याच्या बाजूला, शहराच्या टोकाच्या एका पोलीस ठाण्यात मी वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून चहा घेत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदारानं पन्नाशीच्या एका बाईंना आत पाठवलं. मंडईत त्यांचा भाजीचा गाळा. कसबा पेठेतल्या एका खोलीत भाड्यानं राहून मुलाला वाढवलं, आणि आता आमच्या हद्दीत दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यायला निघाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी विसार द्यायचा होता. त्यात त्यांची आयुष्यभराची पुंजी जाणार होती.

"साहेब, घर विकणारा माणूस घराचा मालक नाही."

"कशावरून?"

"त्याच्याकडे माळ्याची किल्ली नाही."

मला हसू आलं. त्यांनी आणलेले कागद चाळले. खरेदीच्या नोंदीचा इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, कराची पावती, वीजबिल, सगळं एकाच नावावर. त्याच नावाच्या आधार कार्डावर विकणाऱ्याचा फोटो. मी आमचं नेहमीचं वाक्य टाकलं, "मावशी, हा दिवाणी मामला आहे. वकिलाला भेटा."

"वकिलानं कागद बघितले, घर नाही बघितलं. माझे पैसे बुडाले की मग फौजदारी होईल. तेव्हा तरी बसायला सांगाल ना?"

बाई अजून उभ्याच होत्या! चांगलाच ओशाळलो. खुर्ची दिली, चहा मागवला आणि नीट ऐकायला बसलो.

"बारा वर्षं राहतोय म्हणतो," त्या सांगू लागल्या. "स्वयंपाकघरावरच्या माळ्याला कुलूप. मी विचारलं, आत काय आहे? तर म्हणे, किल्ली हरवली. मी म्हटलं, किल्लीचं नाही विचारलं, आत काय आहे ते सांगा. मग म्हणे, जुन्या गाद्या असतील. असतील? साहेब, घरच्या माणसाला झोपेतून उठवून विचारा, माळ्यावर काय आहे ते तो सांगतो. माझा मुलगा म्हणतो, आई, तू हातचं घर घालवशील. एजंट म्हणतो, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. माझं चुकत असेल तर घर जाईल, बरोबर असेल तर सगळंच जाईल. मग कोणाला विचारू?"

भाडेकरूंच्या नोंदी काढायला लावल्या. त्या फ्लॅटची नोंदच नव्हती. इमारतीत आठ फ्लॅट, बहुतेक भाड्यानं दिलेले, रोज नवी तोंडं. सोसायटीचे सचिव मुलाकडे परदेशी गेलेले. शेवटी विकणाऱ्यालाच चौकशीला बोलावलं.

इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, बोलणं अदबीचं. "आपण विचारा साहेब," म्हणाला. तासभर विचारलं, कुठंही अडखळला नाही. दस्त क्रमांकसुद्धा तोंडपाठ. मला माझ्या स्वतःच्या घराचा दस्त क्रमांक आजही सांगता येणार नाही! शंका आली खरी, पण शंकेवर कोणाला आत बसवता येत नाही.

मावशी बाहेर बाकावर होत्या. दारातूनच म्हणाल्या, "साहेब, कुलूप तोडू या की. किल्ली हरवलीच आहे. नवं कुलूप मी आणून देते."

"उगाच तोडफोड कशाला?" तो पहिल्यांदाच घाईनं बोलला.

इतकी वर्षं मी माणसं तपासली, पण हा साधा उपाय मला सुचला नव्हता. म्हटलं, "घर तुमचं, कुलूप तुमचं. हरकत काय?" हरकत आहे असं त्याला म्हणता येईना.

दोन पंच घेऊन फ्लॅटवर गेलो. हातोडी त्याच्याच हातात दिली. स्टुलावर चढला खरा, पण हात काही चालेना. शेवटी त्याला खाली उतरवलं, त्याचा होकार पंचांसमोर लिहून घेतला आणि हवालदारानं कुलूप तोडलं. आत एक निळी ट्रंक, शिलाई मशीन आणि कापडात गुंडाळलेली तसबीर. तसबिरीत हार घातलेलं वयस्कर जोडपं, मागे एकसष्टीचा फलक. फलकावर कागदांवरचंच नाव, पण माणूस भलताच.

"हे कोण?" मी विचारलं. तेव्हा कुठं त्यानं खरं काय ते सांगितलं.

तो अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा भाडेकरू होता. पत्नी गेल्यावर मालक मुलीकडे नागपूरला राहायला गेले होते. विश्वासानं सगळ्या कागदांच्या प्रती यालाच देऊन ठेवलेल्या, ठाण्यात कळवायचं मात्र राहून गेलं. संशय नको म्हणून हा पठ्ठ्या भाडं वेळेवर पाठवायचा. आधार कार्ड बनावट. मावशींनी फिर्याद दिली आणि फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. त्यांचा एक रुपयाही गेला नाही.

मालक आले. आधी पत्नीच्या मशीनवरची धूळ रुमालानं पुसली. पुढे काही महिन्यांनी त्यांनी आपण होऊन ते घर मावशींनाच विकलं, निबंधक कार्यालयात स्वतः येऊन, अंगठा देऊन.

वास्तुशांतीला मला आग्रहाचं बोलावणं होतं. जेवताना सहज वर बघितलं. माळ्याला कुलूप.

"मावशी, आत काय आहे?" मी गमतीनं विचारलं.

"निळी ट्रंक, शिलाई मशीन, एकसष्टीचा फोटो," वाढता वाढता त्या म्हणाल्या. "मुलीकडे जागा नाही म्हणाले. म्हटलं, राहू द्या, जमेल तेव्हा न्या."

"आणि किल्ली?"

"ती त्यांच्याकडे. सामान त्यांचं, मी कशाला ठेवू?"

घर घेताना कागद तपासावेत, वकील गाठावा, भाडेकरू ठेवला तर ठाण्यात कळवावं, हे मी सगळ्यांना सांगतो. पण मालक कसा असतो, हे मला त्या बाईंनी दाखवलं. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत 'दिवाणी आहे' हे शब्द मी समोरच्याला आधी खुर्ची दिल्याशिवाय उच्चारले नाहीत.