सिस्टरची मशीन

कुठल्याही झाडापाशी गेल्या की त्या आधी अंगठ्याच्या नखानं साल खरवडायच्या. बोलणं नंतर. खरवडलेल्या जागी वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, "खाली हिरवं हाये." कधी काहीच म्हणायच्या नाहीत. तेव्हा समजायचं.

तिवस्यात आमच्या गल्लीत त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्यावरही त्या सिस्टरच राहिल्या. तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेल, जिच्यासमोर भलेभले पुरुष न सांगता बाही वर करतात.

त्या वर्षांत आमच्याकडच्या संत्र्याच्या बागा वाळत होत्या. विहिरी आटल्या, बोअर कोरडे गेले. संत्र्याच्या लाकडांनी भरलेले ट्रॅक्टर वीटभट्ट्यांकडे जात. सकाळी जिथं बाग होती तिथं संध्याकाळी नुसती जमीन दिसायची. एकदा असाच एक ट्रॅक्टर सिस्टरनी हात करून थांबवला, वरच्या फांदीची साल खरवडली आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "हे जितं होतं."

त्यानंतर त्यांनी झाडं कापायची स्वतःची मशीन घ्यायचं ठरवलं. आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर; अंगणात कडुनिंब, मागे चार संत्री, एवढाच त्यांचा पसारा. "वर्षातून दोन-तीनदा लागते. तेवढ्यासाठी कोणाचे पाय धराचे?"

अमरावतीच्या दुकानात मी सोबत गेले होते. दुकानदारानं आमच्यामागे कोणी येतंय का ते पाहिलं.

"मिस्टरांना येऊ द्या ना, बाई."

"ते नाई येऊ शकत. फोटोत हायेत."

दुकानदार मागच्या फळीकडे वळला. मग त्यानं सगळ्यांत मोठी मशीन काढली. ही एका मिनिटात झाड पाडते, म्हणाला. "मले पाडाचं नाई, सल काढाची हाये," सिस्टर म्हणाल्या. सल म्हणजे झाडावरच्या वाळलेल्या काड्या, फांद्या. मग त्यानं विजेवर चालणारी दाखवली. हलकी होती, आवाजही कमी. ती त्यांना आवडली. पण म्हणाल्या, "लाइन कुठं रायते आमच्याकडं?" भारनियमनाचे दिवस होते, दुकानातला पंखाही बंदच होता.

शेवटी त्यांनी पेट्रोलवरची सगळ्यांत लहान मशीन उचलली आणि ती दोन्ही हातांत धरून दुकानात फेऱ्या मारू लागल्या. फेऱ्या मारता मारता दुकानदाराच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, औषध सांगितलं. मशीन खाली ठेवेनात. तो अवघडून म्हणाला, "सिस्टर, ठेवा ना आता." त्याच्याही तोंडात तोवर सिस्टर आलं होतं.

"झाड केवढं हाये ते नंतर," त्या म्हणाल्या. "हात किती टिकते ते पयले. हात थकला का चूक होते." मग ब्रेक लावून पाहिला. चेन आणि कानस इथंच मिळते का, की नागपूरले जा लागते, ते विचारलं. आणि परतीच्या एसटीत ती पेटी मांडीवर घेऊन बसल्या.

मशीन आल्यावर गल्लीतल्या सगळ्यांना अचानक झाडं आठवली. शेजारचे गुरुजी मागायला आले.

"मशीन नाई देत मी. मी येतो."

"काहून, सिस्टर? विश्वास नाही का?"

"दात घासाचा ब्रश देता का तुमी कोणाले?"

आणि खरंच त्या जायच्या. जाड काचेचा चष्मा, डोक्याला घट्ट रुमाल, पायात मिस्टरांचे बूट.

आमच्या घरामागे बाबांनी लावलेली डझनभर संत्री होती. तीही सुकायला लागली. बाबा तेव्हा खाटेवरच असायचे, पण खाट मागच्या दारात, झाडं दिसतील अशी. भट्टीवाल्याचा माणूस येऊन पाहून गेला होता. बाबांनी त्याला हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. त्या दिवसांत ते जेवण अर्धं टाकायचे. झाडं गेली तर हा माणूस किती दिवस राहील, याची मला भीती वाटत होती.

सिस्टर आल्या. "जयभीम, काका."

"जयभीम, बाई. पाहा आता तुम्हीच."

त्या प्रत्येक झाडाशी थांबल्या, खरवडलं, वाकल्या. मग बाबांसमोर येऊन उभ्या राहिल्या. "खाली हिरवं हाये. पण लय कापा लागते."

बाबांनी सगळ्या झाडांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "विहिरीकडची तीन ठेवा. बाकीची करा. ही फुटली तर मग ती."

मी आयुष्यभर पुस्तकांच्या कपाटांमध्ये राहिलेली बाई. त्या दिवशी जे पाहिलं त्याला माझ्यापाशी अजून नीट शब्द नाहीत. साठी उलटलेली ती बारीक बाई पाय रोवून उभी राही, मशीन खांद्याच्या वर कधी नेत नसे, आणि फांदी कापली जाई ती लोण्यासारखी. खाली पांढरे कपचे पडत. कपच्यांऐवजी पीठ पडायला लागलं की त्या लगेच थांबत. धार गेली म्हणायच्या, बसून एकेक दात कानसीनं घासायच्या. एक झाड झालं की मशीन थंड होऊ द्यायच्या आणि स्पिरिटच्या बोळ्यानं चेन पुसायच्या. "एका पेशंटची सुई दुसऱ्याले लावत नसते." तेवढ्या वेळात एक कप चहा. मग पुढचं झाड.

सगळं झाल्यावर, विहिरीकडची तीन सोडली तर, झाडं राहिलीच नव्हती. नुसती हात वर केलेली खोडं उभी होती आणि त्यांच्या जखमांवर बोर्डोचा, म्हणजे मोरचूद-चुन्याचा, निळा मलम. बाबांनी तोंड फिरवलं.

सिस्टरनी टाकीतलं पेट्रोल डब्यात ओतलं, मशीन पुन्हा सुरू केली आणि नळीत उरलेलं संपेपर्यंत तशीच चालू ठेवली. "उद्या लागत असली तर राहू द्याचं. नाई तर पोटात पेट्रोल ठेवून झोपवाचं नाई, आतून खराब होते." मशीन संथ चालली होती. एकाएकी तिचा आवाज चढला, उंच गेला, आणि ती बंद पडली. मी दचकले.

"जायच्या आधी असं होते," सिस्टर चेन सैल करत म्हणाल्या. "पेशंट उठून बसते, चहा मागते. घरचे म्हणतात, बरं वाटून राहिलं. आमाले माहीत रायते."

उन्हं तापायला लागण्याआधी ती खोडं फुटली. आधी बारीक ठिपके, मग बोटभर कोंब, मग त्या खोडांवर हिरवं मावेना. बाबा खाटेवरून मोजायचे, चुकायचे, पुन्हा मोजायचे. ताटातलं संपवू लागले. भिंतीपलीकडे त्यांनी स्वतः हाक मारली, "बाई, फुटली हो! आता विहिरीकडची करून टाका."

"आता उन्हाळा लागून राहिला, काका. थंडीत करू. नागपूरले चेकअपले जातो, आठ दिवसांत येतो."

जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या अंगणात मशीनचा आवाज आला. मी वाचत होते. आवाज संथ होता, मग एकदम चढला आणि थांबला.

"बाईनं मशीन झोपवली," बाबा म्हणाले.

मी पान उलटलं.

त्या आल्या नाहीत. पुण्याहून मुलगा आला, घर आवरलं, आणि जाताना ती पेटी माझ्या हातात दिली. आईनं तुम्हालाच द्यायला सांगितलं, म्हणाला. कोणालाही न दिलेली मशीन. मी पेटी उघडली. टाकी कोरडी ठणठणीत. चेन सैल, तेल लावलेली. पात्यावर कव्हर. कानस आणि स्पिरिटची बाटली शेजारी. आठ दिवसांत परतणाऱ्या माणसानं ठेवलेली मशीन नव्हती ती.

थंडी पडल्यावर मी चष्मा लावला, रुमाल बांधला. ती हातात घेऊन आधी बरेच दिवस नुसत्या अंगणात फेऱ्या मारल्या. गल्लीतल्या लोकांनी मला वेड लागलं असंही म्हणून घेतलं. मग विहिरीकडची तीन झाडं केली. वेळ फार लागला, चहा फार झाला. बाबा खाटेवरून "खाली, आणखी खाली" म्हणत होते.

शेवटी मी पेट्रोल काढून घेतलं, मशीन सुरू केली आणि दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. कधी होणार ते माहीत नव्हतं, पण काय होणार ते माहीत होतं. आवाज चढला. बाबांनी मान उचलली.

तो थांबल्यावर आम्ही दोघंही भिंतीपलीकडे पाहत राहिलो. माझ्या अंगठ्याच्या नखात हिरवं अडकलं होतं. हात धुवायला मी बराच वेळ उठले नाही.