कवितेचे आजोळ

कवीच्या रक्तात जितके मुलूख मिसळलेले असतील तितकी त्याची कविता खोल जाते, असे सांगलीच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला सांगितले. त्या वेळी ते भडंग खात होते. आधीच्या माझ्या सगळ्या कविता त्यांनी खोली न मोजताच परत केल्या होत्या.

मधल्या काळात एवढेच घडले होते की, माझी आई जतकडच्या कन्नड बोलणाऱ्या मेंढपाळांची लेक आहे, हे त्यांना कुणीतरी सांगितले. बहात्तरच्या दुष्काळानंतर साहित्यात जतला बरे दिवस आले होते. वडील कराडजवळचे ऊसवाले, फौजेतून हवालदार होऊन परतलेले. ऊस तुटला की आईचे वडील आमच्या रानात खतासाठी मेंढरे बसवायचे. लग्न त्यातूनच जमले. खत दोन्ही घरांना लगेच पटले. लग्न पटायला बरीच वर्षे गेली.

माझी कविता साखर कारखान्याच्या भोंग्यावर होती. "या ओळींत मेंढरांची चाल आहे," संपादक म्हणाले. "हा आईकडचा वारसा. हीच छापू."

माझी पहिलीच कविता छापून येणार होती. मी मान डोलावली, पण मनात पाल चुकचुकली. घरी आल्यावर कविता आईला वाचून दाखवली.

"मेंढरं अशी रांगेत चालत्यात व्हय रं?" आई म्हणाली. "लांडग्याचं लय सोपं व्हईल की."

वडील बुटांना पॉलिश करत होते. "अगं, ही परेड हाय," ते तिला म्हणाले. "तिसऱ्या ओळीत तेवढा पोराचा पाय चुकलाय."

लहानपणी त्यांनी अंगणात माझ्याकडून रोज कवायत करून घेतली होती. आता तेही कवितेवर हक्क सांगत आहेत, असा मला संशय आला.

पुन्हा सांगलीला जाऊन मी संपादकांना आईचे मत सांगितले.

"आईंना ते कळणार नाही. रक्ताला कळतं," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून विचारले, "मूळ कन्नडात कशी आहे हो ही?"

"मुळात मराठीतच लिहिलीय."

"असं तुम्हाला वाटतं," ते समजुतीने म्हणाले.

कविता परत मागावी असे वाटले. मागितली नाही.

दिवाळीत अंक आला. कविता अनुवादित विभागात होती. अनुवादक म्हणून माझे नाव होते, आणि मूळ कवीचे नाव उपलब्ध होऊ शकले नव्हते.