बेबीच्या खोलीतले लाल ठिपके

माझी धाकटी नणंद साठीला टेकली, तरी घरात तिला सगळे बेबीच म्हणतात. तिच्या सुनेच्या तोंडून एकदा चुकून "बेबीआई" निघालं, तेव्हापासून तेच चालू झालं. बेबी चित्रं विकते. स्वतः काढत नाही. काढलं तर मांजर कोणतं आणि उशी कोणती ते विचारावं लागेल. पण विकते अशी, की घेणाऱ्याला वाटावं आपण काहीतरी जिंकून घरी नेतोय.

नणंदेबद्दल चांगलं लिहायची हौस कुणाला नसते, मलाही नव्हती. पण गेल्या वर्षी तिनं जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं, आणि घरात ते अजून कुणाला धड सांगता आलेलं नाही. तिचा नवरा सांगायला बसतो आणि मधेच पडद्यांच्या कापडात शिरतो. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं.

पडदे मात्र सांगायलाच हवेत. बेबी आधी पडद्यांच्या दुकानात होती. लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मोजायच्या, कापड लावून दाखवायचं, सासूला एक रंग आवडला नि सुनेला दुसरा, तर दोघींना तिसराच पटवून द्यायचा. हे तिला छान जमायचं. एकदा एका गॅलरीतून बोलावणं आलं, कारण तिथल्या मोठ्या खिडकीतून थेट चित्रांवर ऊन येत होतं. बेबी टेप घेऊन शिडीवर चढली. खाली गॅलरीचा मालक एका जोडप्याला चित्र समजावत होता. अवकाश काय, स्मृती काय, विस्थापन काय! जोडपं माना डोलवत डोलवत दाराकडे सरकत होतं. बेबी वरूनच म्हणाली, "अहो, जरा बसून बघा की. उभ्या उभ्या काय दिसतं? उभ्यानं फक्त बस बघायची."

ते हसले. बसले. ते चित्र त्यांच्या घरी गेलं. मालकानं पडदे घेतले आणि पडद्यांबरोबर बेबी घेतली, असं तिचा नवरा म्हणतो. मालकाबद्दल गैरसमज नको. त्याला चित्रं कळतात आणि मनापासून आवडतात. त्याला फक्त गप्प बसता येत नाही.

गॅलरीच्या दारावर लिहिलंय की इथे दक्षिण आशियातल्या आजच्या चित्रकारांची कामं विकत मिळतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा बेबीला विचारलं, "दक्षिण आशिया म्हणजे नक्की कोण गं?"

"आपणच की, वहिनी. पण नुसतं 'आपण' म्हटलं की लोक घासाघीस करतात."

आत पांढऱ्या भिंती, करडी फरशी, आणि देवळात बोलावं तसं हळू बोलणारी माणसं. प्रत्येक चित्राशेजारी छोटी चिठ्ठी, तिच्यावर चित्रकाराचं नाव. चित्र विकलं गेलं की चिठ्ठीवर लाल ठिपका चिकटवायचा. ठिपका लागला की चित्र गेलं, आता नुसतं बघायचं. सगळ्या गॅलऱ्यांत हीच रीत. आणि या धंद्यातली दुसरी रीत अशी, की प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी एखाददुसरा ठिपका खोटाच लावायचा. एक गेलं म्हटलं की दुसऱ्यावर लोकांची नजर फिरते. बाहेरच्या मोठ्या दालनात असे खोटे ठिपके बेबीनं स्वतःच्या हातानं कितीदा तरी लावले होते. मी नाक मुरडलं तर म्हणाली, "तुमच्या कॉलेजात पहिल्या बाकावर हुशार मुलं बसवायचातच ना? तसंच हे."

दालनाच्या मागे एक खोली होती. तिथे रिकाम्या फ्रेमा, खोकी, फुग्यांच्या प्लॅस्टिकची भेंडोळी. बेबीचा त्या खोलीवर डोळा होता. दुसऱ्यांनी निवडलेली चित्रं विकून विकून तिला आता स्वतः निवडायची होती. मालक टाळत राहिला. मग एक दिवस दुसऱ्या गावाहून एक चित्रकर्ती आली. शाळेत चित्रकला शिकवणारी, पन्नाशीची, शांत. दोन पुठ्ठ्यांमध्ये चित्रं दोरीनं बांधून आणलेली. मालक फोनवर होता, म्हणून बेबीनं दोरी सोडली.

आत होती बाकं आणि खुर्च्या. बारीक कुंचल्यानं, जुन्या लघुचित्रांत राजे आणि हत्ती काढायचे त्या कसबानं काढलेल्या, पण सगळ्या रिकाम्या. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरची खुर्ची, कोर्टाच्या व्हरांड्यातलं बाक, दवाखान्यातलं रेक्झिन फाटलेलं बाकडं. माणूस एकही नाही, पण कुणीतरी आत्ताच उठून गेलंय हे कळत होतं. बेबी मला फोनवर म्हणाली, "वहिनी, त्या बाकड्याकडे बघून मला आईच्या आजारपणात बाहेर बसलेले आपण सगळे आठवलो. मला ही खोली पाहिजेच आता."

मालकाला चित्रं आवडली, पण म्हणाला, "हे विकलं जाणं कठीण आहे. रिकामं बाक कोण घरी लावेल?"

"मी विकते."

"बरं. मागची खोली घ्या. प्रदर्शन संपेपर्यंत एक जरी चित्र गेलं, तर खोली तुमची, पुढचं प्रदर्शनही तुमचं. नाही गेलं तर खोकी परत आत."

बेबीनं खोली स्वतः रंगवून घेतली. तिचा नवरा दिवे लावायला गेला आणि दोन ठिकाणी भिंत फोडून आला. उद्घाटनाला आम्ही सगळे हजर. चित्रकर्ती एका कोपऱ्यात पाण्याचा ग्लास धरून उभी होती, जणू ही दुसऱ्याच कुणाची चित्रं आहेत. गर्दी बरी झाली. आणि गर्दी ओसरता ओसरता बेबीला दिसलं की तीन चिठ्ठ्यांवर लाल ठिपके आहेत.

ती मालकाकडे बघून हसली. तोही हसला. तिला वाटलं, यानंच विकली, आपण लोकांना सरबत देत होतो तेव्हा. तिनं चित्रकर्तीला मिठी मारली, तिचा ग्लास सांडला. बेबीनं त्याच संध्याकाळी साऱ्या नातेवाइकांना फोन केले. "पहिल्याच दिवशी तीन!" आमच्या ह्यांना तर तिनं दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "म्हणजे आता सहा झाली का?"

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर होते. दुपारी एक बाई आल्या, पांढऱ्या कोटावर शाल घेतलेल्या. समोरच्या गल्लीत त्यांचा दातांचा दवाखाना. दवाखान्यातल्या बाकड्याच्या चित्रापुढे त्या उभ्या राहिल्या त्या हलेचनात.

"हे मला हवं आहे," त्या म्हणाल्या.

बेबीचा चेहरा असा फुलला! "अरेरे, बाई, हे गेलं," ती अगदी दिमाखात म्हणाली. "काल पहिल्याच दिवशी गेलं. दुसरं बघा ना, कोर्टातलं बाक?"

"नाही. हेच हवं होतं." आणि त्या निघून गेल्या.

"बघा वहिनी, मागणी!" बेबी मला म्हणाली. मालक दालनातून आत आला तेव्हा तिनं तेच त्यालाही सांगितलं. त्याचा चेहरा पडला.

"तुम्ही त्यांना परत पाठवलंत?"

"मग काय करू? गेलेलं चित्र कसं देऊ?"

"अहो, ते ठिपके मी लावलेत. कुणीच घेतलेलं नाही. म्हटलं, तुमच्या खोलीला जरा हात द्यावा. मला वाटलं, तुम्हाला कळलंच असेल. तुम्ही स्वतः हे करता की."

इतकी वर्षं स्वतः खोटे ठिपके लावलेली बाई, स्वतःच्या खोलीत लागलेले तीन ठिपके खरे मानून बसली होती. तिनं विचारलंसुद्धा नव्हतं, कोणी घेतली म्हणून. विचारावंसं वाटलंच नाही, कारण ते खरे असावेत असं तिला फार वाटत होतं.  

बेबी उठली आणि नखानं तिन्ही ठिपके खरवडून काढले. खोलीत एक म्हातारे गृहस्थ चित्र बघत होते. ते दचकून म्हणाले, "विक्री रद्द झाली वाटतं?"

"नाही हो. झालीच नव्हती."

मालक दबक्या आवाजात म्हणाला, "अहो, मी तुमच्यासाठीच केलं."

"माहितेय. म्हणून तुमच्यावर ओरडतही नाही. पण एकच गिऱ्हाईक आलं आणि ते मी हातानं हाकललं. वहिनी, उठा. पर्स घ्या."

आम्ही दातांच्या दवाखान्यात. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "कुठला दात?"

"दात नाही. चित्र," बेबी म्हणाली.

"दोघींचंही?"

"ह्यांचे दात शाबूत आहेत, वाटल्यास चावून दाखवतील. डॉक्टरीणबाईंना सांगा, गॅलरीतून आलेत."

आत बोलावलं. खुर्चीत एक जाडजूड गृहस्थ आ वासून आडवे, तोंडात दोन नळ्या. डॉक्टरीणबाईंनी मास्कवरून आमच्याकडे पाहिलं. बेबीनं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. ठिपके खोटे होते, धंद्यात असं करतात, मीही करते, आणि काल मीच त्याला फसले.

"म्हणजे मघाशी तुम्ही मला खोटं सांगितलंत?"

"खरं समजून सांगितलं. पण होतं खोटंच."

"मग आता खरं कशावरून?"

खुर्चीतल्या गृहस्थांनी "आँ" केलं. त्यांनाही उत्तर हवं होतं बहुतेक.

"कशावरूनच नाही," बेबी म्हणाली. "येऊन बघा."

संध्याकाळी त्या आल्या. आणि माणसाचं मन म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं. ठिपका नसलेलं चित्र त्यांना छोटं वाटायला लागलं. "कुणीच नाही घेतलं हे?"

"नाही."

"बाकीची?"

"एकही नाही," बेबी म्हणाली. मी तिला कोपरानं ढोसलं. तिनं माझं कोपर बाजूला केलं. "बाई, दुपारीही एवढंच होतं ते. मिळत नव्हतं म्हणून मोठं दिसलं असेल. किंवा आता मिळतंय म्हणून छोटं दिसत असेल. ते मला कसं कळणार? तुम्ही हे घरी न्या. भिंतीवर लावा. नको वाटलं तर परत आणून द्या."

तिनं चित्र खिळ्यावरून काढलं, कागदात गुंडाळलं आणि त्यांच्या हातात दिलं. सही नाही, पावती नाही. मालकाला विचारलंही नाही. त्या गेल्यावर मी म्हटलं, "अगं, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? ती बाई गाव सोडून गेली तर?"

"दवाखाना घेऊन कुठं जाईल? आणि वहिनी, पडद्याचं कापड आम्ही घरी लावूनच दाखवायचो. दुकानात सगळेच रंग चांगले दिसतात."

मालक चिडला. चिडणारच. चित्रावर ओरखडा उठला तर बेबीची नोकरी जाईल, हे त्यानं तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ दे. पण माझ्या खोलीत आता न विकलेल्या चित्राला ठिपका लागणार नाही."

पुढचे दिवस वाईट गेले. लोक येत, त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत, आणि कुणी विचारलं की बेबी सांगे, "घरी बघायला दिलंय. विकलेलं नाही." मला तर ओरडावंसं वाटे, की अगं, 'विकलंय' म्हण एकदाचं! तिच्या नवऱ्यानं तर जुन्या पडद्यांच्या दुकानात चौकशीही करून ठेवली. बेबी त्याला म्हणाली, "तुम्ही आधी भिंतीतली ती भोकं बुजवा."

शेवटचा दिवस. चित्रकर्ती पुठ्ठे आणि दोरी घेऊन आली होती. ती एकेक चित्र काढायला लागली आणि बेबीनं तिला थांबवलं नाही. बेबीचा चेहरा असा की मला बघवेना. कोर्टाचं बाक उतरलं, मुख्याध्यापकांची खुर्ची उतरली. दारातून मालक खोक्यांकडे बघत होता, पण आत आणत नव्हता. एवढं मन त्याच्यात होतं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. हात रिकामे.

"चित्र?" बेबीनं विचारलं.

"भिंतीवर आहे. आणि तिथून काढवत नाही." त्या चित्रकर्तीकडे वळल्या. "तुम्ही काढलंत? माझे वडील गेले तेव्हा मी अशाच बाकड्यावर होते. रोज सकाळी चहा घेताना त्याच्या समोर बसते. आधी रडू यायचं. आता नाही येत. दवाखान्यात मात्र नाही लावणार. पेशंट पळून जातील."

चित्रकर्ती हसली. एवढ्या दिवसांत मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

बेबीनं खणातून ठिपक्यांची पट्टी काढली. स्वतः लावला नाही. डॉक्टरीणबाईंपुढे धरली. "तुम्ही लावा. तुमचं आहे, तुम्हीच सांगा." त्यांनी एक ठिपका सोडवला आणि रिकाम्या खिळ्याशेजारच्या चिठ्ठीवर नखानं दाबून दाबून बसवला. खोलीभर उघड्या भिंती आणि तो एक ठिपका.

मालक जवळ आला. ठिपक्याला त्यानं बोट लावून पाहिलं. मग नुसतंच म्हणाला, "पुढचं प्रदर्शन कुणाचं करताय?"

"दोघीजणी आहेत मनात. आधी ही चित्रं परत लावा. दोरी ठेवा ती," बेबी चित्रकर्तीला म्हणाली. "खोली आता कुठं जात नाही."

गॅलरीत आता खोटा ठिपका लागत नाही, बाहेरच्या दालनातही नाही. घेणाऱ्यानं ठिपका स्वतः लावायचा ही रीत बेबीच्या खोलीत पडली, आणि मालक ती पाहुण्यांना आपलीच कल्पना असल्यासारखी समजावून सांगतो. बराच वेळ सांगतो. बेबी शेजारी उभी राहून ऐकते आणि मधेच म्हणते, "सर, त्यांना बघू द्या."

ती माझी नणंद आहे. कुणी विचारलं तर मी आधी तेच सांगते.