नववीच्या वर्गातला भाजीबाजार

मले इंग्रजी येते. वाचता येते, लेहता येते, पेपरात पासबी होता येते. फक्त बोलता येत नाही. आन् अशा बाईनं छत्तिसाव्या वर्षी ठरवलं का आपण हायस्कूलवर इंग्रजी शिकवाचं. माही सासू तुळसाबाई तं म्हणेच, "वं साधना, तुले दुसरं काही सुचलं नाही काय? चित्रकला शिकव, शिवण शिकव. कायले त्या इंग्रजीच्या मांगं लागली?" पण गावात इंग्रजीच्या मास्तराले जो मान हाय तो दुसऱ्या कोणाले नाही, आन् मले तो मान पायजे होता. खोटं कायले बोलू!

बी.ए. मी लग्नानंतर घरूनच केलं, गाईड वाचवाचून. मंग बी.एड.ची सीईटी दिली, कशी कोण जाणे पास झाली, आन् यवतमाळच्या एका कॉलेजात नंबर लागला. वर्गात सगळे पोट्टे-पोट्ट्या बावीस-तेवीस वर्षांचे. पह्यल्या दिवशी मी दारातून आत गेली तं एक पोरगा उठून उभा झाला आन् म्हणे, "गुड मॉर्निंग मॅडम." मीबी मोठ्या ऐटीत त्याले 'सिट डाउन' म्हणलं, आन् मंग त्याच्याच बाजूले जाऊन बसली. दोन वर्षं त्यानं मले मॅडमच म्हणलं, पण हसल्याशिवाय नाही.

तिथं शिकवण्याचे तुकडे करून एकेक तुकडा शिकवतात. एक दिवस नुसते प्रश्न विचाराचे, एक दिवस नुसतं फळ्यावर लेहाचं, एक दिवस नुसती शाबासकी द्याची. पोरानं उत्तर दिलं का मान हलवाची, हसाचं, 'व्हेरी गुड' म्हणाचं आन् 'अजून कोण सांगेल?' विचाराचं. आमच्या विजयमाला मॅडम मांगच्या बाकावर बसून पाहत, कोण म्हणते आन् कोण विसरते. मले बाकी काहीच धड जमलं नाही, पण हे असं जमलं का मंग सुटेचना. आमच्या गावच्या, बोरीच्या बसमध्ये कंडक्टरनं अर्धं तिकीट हातात देलं, मी म्हणलं, "व्हेरी गुड!" तो म्हणे, "व्हेरी गुड नंतर बाई, आधी सुट्टे द्या." घरी सासूबाईनं विचारलं, "भाकरी टाकू काय?" मी म्हणलं, "व्हेरी गुड आई. अजून कोण सांगेल?" सासूबाई चारी बाजूनं पाहून म्हणे, "अजून कोण हाय घरात?"

हसणारे हसले, त्याचं मले काही नाही. पण माही पोरगी हसत नव्हती. नयन. गावातल्याच शाळेत नववीत. मोबाइलवर पाहूपाहू ती माह्यापेक्षा बरं इंग्रजी बोले, आन् तिले माही लाज वाटे. त्याले कारणबी मीच. तिच्या शाळेत पालकसभा होती. सगळे पालक मराठीत बोलून बसले. मी बी.एड.ची विद्यार्थिनी, म्या काहून मराठीत बोलू? मी भाषण पाठ करून गेलती. उभी झाली, 'आय अ‍ॅम' म्हणलं, आन् समोरचं सगळं पुसून गेलं. पुन्हा 'आय अ‍ॅम' म्हणलं. तिसऱ्यांदा म्हणलं. मंग 'थँक यू' म्हणून खाली बसली, तेबी मुख्याध्यापकाच्या खुर्चीत.

दुसऱ्या दिवसापासून पोट्टे नयनले 'आयॅम' म्हणून हाका मारू लागले. "ए आयॅम, डबा आणला काय?" पोरगी घरी येऊन जेवली नाही. मी समजावाले गेली तं म्हणे, "आई, तू काही बोलू नको. मराठीतबी बोलू नको."

आन् नशीब पाहा, शिकवण्याच्या सरावासाठी कॉलेजनं मले तीच शाळा देली. बाकीच्याले दिग्रस, दारव्हा भेटलं, मले आपलंच गाव. मी खुश. जाण्यायेण्याचा त्रास वाचला. नयननं दप्तर आपटलं आन् मले दोन गोष्टी सांगतल्या. "माह्या वर्गावर येऊ नको. आन् आलीच तं मले ओळख दाखवू नको." मी कबूल केलं. आता बोरीत कोण कोणाची पोरगी हाय हे काय कोणाले माहीत नाही? पण तिनं सांगतलं आन् मी मान हलवली. शाळेच्या रस्त्यानं ती पुढं आन् मी मांगं, मधात दहा घरं. फाटकापाशी ती मले 'गुड मॉर्निंग मॅडम' म्हणे आन् मी तिले 'गुड मॉर्निंग'. सकाळीच मी तिची वेणी घालून देलेली राहे. आतून मले कसंतरी होये, पण तोंडावर हसू ठेवाची सवय बी.एड.नं लावलीच होती.

मी आठवीचा वर्ग धरला. शेवटी एक मोठा पाठ घ्यावा लागते, बाहेरगावचे परीक्षक येऊन मांगं बसतात, आन् त्यावरच पुढचं सगळं. आता आमच्या बी.एड.वाल्यायत एक रीत हाय, कोणी उघड सांगत नाही. जो पाठ परीक्षकासमोर घ्याचा, तो आदल्या दिवशी त्याच वर्गावर एकदा घेऊन ठेवाचा. पोट्ट्यायले उत्तरं माहीत, आपल्याले प्रश्न माहीत, परीक्षक खुश. सगळेच करतात. पण सगळे एकदा करतात. माह्या मनात धाकधूक, मी चारदा केला. बाजारातल्या संवादाचा पाठ होता. भाजीवाली आन् गिऱ्हाईक. नयनच्या बाबानं मले बाजाराचं मोठं चित्र काढून देलं होतं. त्या आठवीच्या पोट्ट्यायले हा पाठ इतका पाठ झाला होता का मी चित्र उघडाच्या आधीच ते 'मार्केट मॅडम' म्हणून ओरडत. शिकवाले मीच नसती तरी पाठ झाला असता.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक आले पुसदहून. उंच, चष्मा, फार कमी बोलणारे. आमचे मुख्याध्यापक नानाजी सर मोठे भोळे माणूस, त्यायले माहं भलं कराचं होतं. चहा पिता पिता म्हणाले, "या साधनाबाईनं लय मेहनत घेतली सर. आजचा पाठ त्यायनं याच वर्गावर चारदा घेतला." माह्या हातातला कप तिथंच थांबला. परीक्षक गालातल्या गालात हसले. म्हणाले, "मग त्या मुलांना आज सुट्टी देऊ. यांना नववीचा वर्ग द्या."

बाप्पा! मी नानाजी सरांकडे असं पाह्यलं का दुसरा माणूस जळाला असता. त्यायनं मान हलवून मले धीर देला.

नववीत गेली. दुसऱ्या बाकावर नयन. तिनं मले पाह्यलं आन् पुस्तकात तोंड घातलं. परीक्षक मांगं जाऊन बसले. मी चित्र टांगलं, घसा खाकरला आन् विचारलं, "व्हॉट डू यू सी इन धिस पिक्चर?"

कोणी बोलेना.

माह्या पाठाच्या टाचणात या प्रश्नासमोर उत्तर लेहलेलं होतं, 'मार्केट'. त्याच्या समोर लेहलेलं होतं, शाबासकी द्यावी. उत्तर तं आलं नाही, पण माह्या तोंडून शाबासकी निघून गेली. त्या चिडीचूप वर्गाले मी मान हलवून, हसून म्हणलं, "व्हेरी गुड!"

पह्यले एक पोरगी फिसकली. मंग सगळा वर्ग. मांगं पेन चालल्याचा आवाज आला. मी दुसरा प्रश्न विचाराले तोंड उघडलं, तं शेवटच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणलं, "आयॅम." आन् मंग तं हसणं थांबेचना. दोन वर्षं चुलीवर दूध उतू घालवून, सासूच्या गोळ्या विसरून, नवऱ्याले गार भाकर खाऊ घालून ज्याच्यासाठी धावली, ते समोर मातीत चाललं होतं. आन् पोरीले कबूल केलेलंबी माह्यानं पाळलं गेलं नव्हतं. मले वाटलं चित्र गुंडाळावं आन् घरी जावं.

तेवढ्यात नयन उठली. चेहरा लालबुंद. मले वाटलं आता ही वर्गातून निघून जाते. पण ती समोर आली. टेबलावरचं डस्टर उचललं, खडूचा डबा उचलला, माही पर्स उचलली, ओळीनं मांडलं आन् टेबलामांगं उभी झाली. म्हणे, "येस मॅडम. व्हॉट यू वॉन्ट? ब्रिंजल? टोमॅटो?"

टाचणात असं काहीच नव्हतं. मी डस्टर हातात घेतलं. म्हणलं, "धिस ब्रिंजल इज... ओल्ड."

"नो मॅडम. मॉर्निंग ब्रिंजल."

"इनसाइड इज इन्सेक्ट!"

"इन्सेक्ट इज फ्री, मॅडम."

वर्ग खदखदला. मले खरंच राग आला. म्हणजे वांग्याचा. बाजारात मी कोणाच्या बापाले ऐकत नाही. म्हणलं, "आय विल गो टू अदर शॉप!"

"गो. अदर शॉप इज माय आंटी. शी इज मोअर अँग्री."

"यू आर व्हेरी बॅड गर्ल!"

"यू आर व्हेरी बॅड कस्टमर! एव्हरी डे टच, टच, टच, नो बाय!"

माहे शब्द चुकत होते का बरोबर येत होते, देव जाणे, पण येत होते. थांबतच नव्हते. मी कंबरेवर हात ठेवून भांडून राह्यली होती आन् इंग्रजीत भांडून राह्यली होती. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरचा फकिरा उठला, "मॅडम, कम हिअर, माय टोमॅटो गुड!" त्याच्या बाजूची पोरगी म्हणे, "डोन्ट गो मॅडम, ही इज चीटर!" मंग काय, बाकाबाकावर दुकानं लागली. पुस्तकं, कंपास, पाण्याच्या बाटल्या, सगळं विकाले निघालं. "मॅडम, सांबाराले काय म्हणतात?" मी फळ्यावर लेहलं, कोरिअँडर. "मॅडम, अंबाडीले?" मी म्हणलं, "मले नाही माहीत बावा. पाहून सांगते." परीक्षकासमोर असं कोणी म्हणत नाही, पण मी परीक्षकाले विसरूनच गेलती.

घंटा झाली तेव्हा आठवले. ते उठून समोर आले. त्यायनं नयनकडे पाह्यलं, मंग माह्याकडे. "ही मुलगी फारच सराईत दिसते. हिला तुम्ही आधी तयार करून ठेवलं होतं का? खरं सांगा. आठवीचं मी ऐकलंच आहे."

दारात नानाजी सर उभे होते. ते म्हणाले, "सर, ते असं हाय का..." आन् गिळून गेले.

मी मनात भराभर हिशोब केला. पोरगी हाय म्हणलं तं पाठ गेला. ओळखत नाही म्हणलं तं पाठबी वाचते आन् नयनले कबूल केलेलंबी पाळलं जाते. खोटं बोलाची इतकी सोईची वेळ मले कधीच भेटली नव्हती. मी म्हणलं, "नाही सर, या मुलीले मी..."

"शी इज माय मदर, सर," नयन म्हणली. स्पष्ट, सगळ्या वर्गाले ऐकू जाईल असं.

परीक्षकानं पेनचं टोपण लावलं. "मग ठीक आहे. घरूनच तयारी झाली म्हणायची."

"नाही झाली सर!" नयनचं इंग्रजी तिथंच संपलं. "तयारी कायची? तिले तं मीच म्हणलं होतं का माह्या वर्गावर येऊ नको. ओळख दाखवू नको. मले तिची लाज वाटे. घरी तिनं मले एक शब्द विचारला तरी मी उठून जाई."

मले माहीत होतं हे सगळं. माहीत असणं वेगळं आन् भर वर्गात ऐकणं वेगळं, माय! आन् त्याच वेळी समजत होतं का या पोरीनं आपली झाकून ठेवलेली गोष्ट सगळ्यायसमोर काढली, ते माह्यावर आळ येऊ नये म्हणून. मले तिचा राग आला, आन् तिले तिथंच कवटाळावं असंबी वाटलं. मी काहीच केलं नाही. टेबलावरचे खडू एकेक करून डब्यात भरत राह्यली, कारण मान वर केली असती तं पोट्ट्यायले दिसलं असतं.

परीक्षकानं पेनचं टोपण पुन्हा काढलं आन् कागदावर काहीतरी लेहलं. आवाज जरा नरम झाला होता. "बरं. पाठ झाला आहे बाळ, आता बस जागेवर."

नयन बसली नाही. "कुठं झाला सर? मांगच्या बाकायची भाजी विकाची राह्यली. उद्याबी हिलेच पाठवा."

"उद्या परीक्षा नाही. उद्या मी येणार नाही."

"तुमी नका येऊ सर," नयन म्हणली. "आईले पाठवा."