शांत चालणारं कार्ड

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे, पाणीपुरवठा कार्यालयात निविदा विभागात आहेत. पाच ठेकेदारांनी पाच भाव पाठवले की ते मोठ्या कागदावर रकाने आखून शेजारी शेजारी मांडायचे, खाली शेरा मारायचा आणि कागद साहेबाकडे सरकवायचा, हे काम ते सव्वीस वर्षं करत आहेत. त्या कागदाला तुलनात्मक तक्ता म्हणतात. ठरवतो साहेब. भाऊजींनी नोकरीत आजवर एकही गोष्ट ठरवलेली नाही, पण तक्ता आखला म्हणजे निम्मं जग आपणच चालवतो असं त्यांना मनापासून वाटतं.

कार्यालयातला हा रोग ते घरीही आणतात. छताचा पंखा घ्यायचा होता तेव्हा दोन उन्हाळे तक्त्यात गेले. गादीच्या तक्त्याला एकोणीस रकाने होते. ताई सात महिने जुन्या गादीच्या खड्ड्यात झोपली, आणि नवी आली तेव्हा तिची पाठ त्या खड्ड्याला इतकी सरावली होती की नवीवर तिला झोप येईना. भाऊजींनी तक्ता काढून दाखवला की पाठीच्या रकान्यात या गादीला दहापैकी नऊ गुण आहेत. त्यामुळे झोप न येणं ही ताईची चूक ठरली.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. चौदा वर्षं माझं दुकान आहे, मागे एक लांब टेबल, त्यावर दिवा, आणि टेबलावर रोज कोणाचं ना कोणाचं पोट उघडं पडलेलं. पण आमच्या घराण्यात कोणाचा कॉम्प्युटर बिघडला की पहिला फोन भाऊजींना जातो, कारण ते थोरले जावई, आणि बोलतात ठासून. ते फोनवरून अर्धा तास अक्कल पाजळतात. मग ते यंत्र पुरतं बसतं आणि माझ्या टेबलावर येतं. हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटत नाही.

ताईची मुलगी भिंगरी. खरं नाव वेगळं आहे, पण लहानपणापासून एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. हिच्या हातात जे आहे ते मी दुकानात येणाऱ्या शेकडो खेळणाऱ्या मुलांत पाहिलेलं नाही. पाच विरुद्ध पाच असा एक लढाईचा खेळ असतो, त्यात समोरचा कोपऱ्यातून डोकावायच्या आत हिनं त्याला टिपलेला असतो. कॉलेजचा या खेळाचा संघ आहे. मैत्रिणीच्या घरी, मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर खेळताना संघाच्या कप्तानानं तिला पाहिलं आणि पाचव्या जागेच्या निवडीला बोलावलं. निवड वर्षातून एकदा होते. प्रत्येकानं आपापल्या घरून, आपापल्या यंत्रावर खेळायचं. भिंगरीचं शेवटचं वर्ष होतं, म्हणजे ही एकच संधी. आणि तिच्या घरचं यंत्र असं की खेळातला माणूस धावता धावता उचकी लागल्यासारखा थांबायचा, कारण त्यात खेळाचं चित्र पळवणारं ग्राफिक्स कार्ड नव्हतंच.

वडिलांनी कार्ड घ्यायचं कबूल केलं तेव्हा निवडीला अकरा महिने होते. त्या रविवारी मी तिथेच होते. कार्ड घेताना मी गिऱ्हाईकाला तीन गोष्टी विचारते. खेळणार काय, स्क्रीन केवढी, आणि आतला वीज पुरवणारा डबा किती ताकदीचा. मग टेपनं कॅबिनेटची, म्हणजे यंत्राच्या बाहेरच्या खोक्याची, आतली लांबी मोजते, कारण दारात अडकलेल्या सोफ्यासारखं अर्धं बाहेर राहिलेलं कार्ड मी परत घेत नाही. भिंगरीच्या यंत्राचं हे सगळं मला तोंडपाठ होतं. मी पाच मिनिटांत कार्डाचं नाव सांगितलं.

भाऊजी हसले. एखादं मूल मध्येच बोललं की मोठी माणसं हसतात तसे. म्हणाले, "तुझा अनुभव दुरुस्तीचा. निवड हे शास्त्र वेगळं आहे."

आणि त्यांनी तक्ता आखायला घेतला. बावीस कार्डं, सोळा रकाने. पंखे किती, रुंदी किती, दिव्यांचे रंग किती, खोक्याची बांधणी कशी. भिंगरी खेळते त्या खेळाचा रकाना नव्हता. तो मी सुचवला, तर म्हणाले, खेळ आज हा आहे, उद्या दुसरा असेल, यंत्र कायमचं असतं. दर पंधरा दिवसांनी कुठेतरी नव्या कार्डाची बातमी यायची आणि तक्ता पहिल्यापासून. भिंगरी मैत्रिणीच्या घरी जाऊन सराव करायची. पुढे मैत्रीण दुसऱ्या गावी शिकायला गेली आणि तेही बंद झालं. इकडे कार्डाचं घोंगडं भिजतच पडलं.

सहाव्या महिन्यात ताईनं मला तो तक्ता दाखवला. तिला वाटलं मला गंमत वाटेल. खाली एक जोडतक्ता होता, कोणाकोणाचा सल्ला घेतला त्याचा. परदेशातले तिघं जण, ज्यांचे व्हिडिओ भाऊजी बघत. कार्यालयातला एक शिपाई, ज्याचा मेहुणा कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. आणि शेवटच्या ओळीत मी. "स्थानिक दुकानदार (नातेवाईक)." जाणकारी, दहापैकी चार. निष्पक्षपणा, दहापैकी दोन. शिपायाच्या मेहुण्याला जाणकारीत सहा होते.

मी ताईला कागद परत दिला आणि कानाला खडा लावला. यापुढे हा माणूस स्वतः माझ्या दारात येऊन विचारेपर्यंत कार्डाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. मला राग आला होता आणि तो राग मला आवडत होता. टेबलावर काम करताना मी तो चघळत बसायचे.

निवडीला नऊ दिवस राहिले तेव्हा एकदाचं कार्ड आलं. अकरा महिने, सोळा रकाने, आणि पहिला क्रमांक आला मी पाच मिनिटांत सांगितलेल्या कार्डाचा. तेच कार्ड, फक्त दोनऐवजी तीन पंख्यांचं. भाऊजींनी हे मला असं सांगितलं की जणू तक्त्यानं माझी लाज राखली. घेतलं अर्थात दुसऱ्या दुकानातून, कारण नात्यात व्यवहार नको.

बसवलंही त्यांनीच. शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर यंत्र आडवं घालून, ताईच्या हातात बॅटरी, भिंगरीच्या हातात माहितीपत्रक, आणि स्वतः डॉक्टरसारखे रबरी हातमोजे घालून. संध्याकाळी घरच्या ग्रुपवर अकरा फोटो आले. खोकं, खोक्यातलं कार्ड, कार्डासह भाऊजी, हातमोज्यांसह भाऊजी. नववा फोटो यंत्राच्या मागच्या बाजूचा होता.

तो मी बोटांनी मोठा करून पाहिला. कॉम्प्युटरच्या पाठीला चित्राची केबल लावायच्या दोन जागा असतात. वरची जागा यंत्राची स्वतःची, साध्या हिशेब-पत्रांच्या कामापुरती. खालच्या जागा कार्डाच्या. कार्ड घेतलं की स्क्रीनची केबल खाली लावायची, नाहीतर कार्ड नुसतं आत बसून राहतं आणि चित्र जुन्याच तुटपुंज्या ताकदीवर येतं. भाऊजींनी केबल वर लावली होती, माउस आणि कीबोर्डच्या शेजारी, जिथे ती आधी होती तिथेच. खाली कार्डाच्या चारही तोंडांवर कारखान्यातून आलेली काळी टोपणं जशीच्या तशी होती.

मी दुकानात एकटीच मोठ्यानं हसले. अकरा महिन्यांचा शास्त्री, आणि टोपण काढायचं कळलं नाही. पुढचा सगळा देखावा माझ्या डोळ्यांसमोर आला. दोन दिवसांत फोन येणार. मी जाणार, सगळ्यांसमोर केबल वरून काढून खाली लावणार, एक शब्द न बोलता चहा पिणार. टोपणं खिशात घालून आणणार, आठवण म्हणून. मी त्या नवव्या फोटोखाली एक अंगठा ठोकला आणि पुढच्या कामाला लागले.

फोन आला नाही. बुधवारी ताईची शिलाई मशीन परत द्यायचं निमित्त काढून मीच गेले. भाऊजी वाटच बघत होते. मला भिंगरीच्या खोलीत नेलं, बोट ओठांवर ठेवून उभं केलं. कॅबिनेटच्या काचेतून कार्डाचे दिवे निळे, जांभळे, हिरवे होत होते. तिन्ही पंखे निवांत, पात्यावरची अक्षरं वाचता येत होती.

"ऐक," भाऊजी म्हणाले. "काही ऐकू येतंय? इतकी वर्षं कॉम्प्युटर हाताळतेस, एवढं शांत चालणारं कार्ड पाहिलंयस?"

नाही, म्हटलं, एवढं शांत नाही पाहिलं. काम न करणारं कार्ड आवाज कशाला करेल, हे जिभेवर आलेलं मी गिळलं. फार छान लागलं ते गिळताना. आत बसून दिवे लावायचे आणि कामाला हात लावायचा नाही, हे कार्ड भाऊजींनी अगदी स्वतःच्या मापाचं निवडलं होतं.

भिंगरी खेळत होती. खेळातला माणूस तसाच उचक्या देत होता. ती म्हणाली, फरक वाटत नाही बाबा. भाऊजींनी तिला यंत्रातली यादी उघडून दाखवली, त्यात कार्डाचं नाव स्पष्ट लिहिलेलं होतं. नाव आहे म्हणजे काम चालू आहे, हा कार्यालयातला नियम त्यांना इथेही पुरला. मग म्हणाले, नवीन आहे, थोडं रुळू दे. आणि बाहेर निघून गेले.

भिंगरीनं खुर्ची माझ्याकडे वळवली. बोटं मांडीवर पसरून त्यांच्याकडे बघत राहिली.

"मावशी, माझे हात मंद झालेत का गं? सराव तुटला म्हणून?"

मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते. केबल माझ्या गुडघ्याजवळ होती. वाकायचं, ती उपटायची, एक टोपण काढायचं, खाली लावायची. अर्धं मिनिट. बाहेर भाऊजी ताईला सांगत होते की दुरुस्तीवाल्यांना नवीन गोष्टींचा जरा धाक वाटतोच.

"बाबांना विचार," मी म्हटलं. "तज्ज्ञ ते आहेत."

रविवारी निवड झाली. संध्याकाळी निकाल आला. पाचवी जागा दुसऱ्या कोणाला गेली होती आणि भिंगरीच्या नावापुढे कप्तानानं एक ओळ लिहिली होती, की नजर चांगली आहे पण हात उशिरा चालतो. ताईनं मला फोनवर वाचून दाखवली. भिंगरी जेवली नाही म्हणाली. भाऊजींनी शेरा मारला होता की यंत्रात दोष नाही, दोष वापरणाऱ्यात आहे.

मी दुकान अर्ध्यात बंद करून गेले. थेट भिंगरीच्या खोलीत जाऊन गुडघे टेकले, एक टोपण काढलं, केबल खाली लावली. भिंगरीला म्हटलं, खेळ लाव. तिनं नको नको म्हणत लावला. तीन पंखे एकदम फिरायला लागले, खोलीत पहिल्यांदा वारा सुटल्यासारखा आवाज झाला, आणि स्क्रीनवरचा माणूस न अडखळता धावत सुटला. भिंगरीनं चार जणांना टिपलं. तिचे हात तेच होते, पहिल्यासारखेच.

भाऊजी दारात आले. "हा आवाज कसला? काय बिघडवलंस तू?"

त्यांना मी केबल दाखवली, टोपण दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. मग म्हणाले की माहितीपत्रकात हे ठळक अक्षरांत छापायला हवं होतं, आणि कंपनीला तसं पत्र पाठवायला आतल्या खोलीत गेले. ज्या क्षणासाठी मी आठ दिवस लाळ गाळत होते तो हा असा निघून गेला. माझ्या तळहातावर टोपण तेवढं राहिलं.

भिंगरीनं खेळ थांबवला होता. तिच्या हातात फोन होता. ग्रुपवरचे जुने फोटो ती वर सरकवत होती, एकेक. एका ठिकाणी थांबली, बोटांनी मोठा केला. मी ओळखलं कोणता ते.

"मावशी," ती म्हणाली, "याच्याखाली तुझा अंगठा आहे."

भाऊजी मूर्ख आहेत हे मी आजही कोणालाही सांगेन. पण त्या बुधवारी त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मला होतं. भिंगरी खुर्ची फिरवून स्क्रीनकडे वळली आणि पुन्हा खेळायला लागली, आणि कार्डाचा आवाज एवढा होता की मी काही बोलले असते तरी तिला ऐकू गेलं नसतं.